'इन्हिबिटर लो' लिहून गेला, आता पॉवरफ्लश करायचा का? रेडिएटरच्या पाण्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडात रेडिंगजवळ घेतलेलं १९३० च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड घर, १० रेडिएटर, ६ वर्षांचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही सांभाळणारा). वार्षिक सर्व्हिसला आलेल्या माणसाने पाण्यात पट्टी बुडवली, कागदावर 'इन्हिबिटर लो' (म्हणजे पाण्यातलं गंजरोधक औषध कमी) लिहिलं आणि पॉवरफ्लशचे, म्हणजे यंत्र लावून सगळे पाइप-रेडिएटर आतून जोरात धुण्याचे, ६५० पाउंड सांगितले. हॉलमधला रेडिएटर खालून गार राहतो. आणि "तसं दर पंधरा दिवसांनी प्रेशर थोडं भरावं लागतं". पाणी घरच्या घरी तपासता येतं का, आणि पॉवरफ्लश खरंच हवा का?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. दर पंधरा दिवसांनी प्रेशर भरावं लागतं, म्हणजे दर पंधरा दिवसांनी पाणी कुठेतरी जातंय. इन्हिबिटर कमी का झालं, याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. पट्टी बुडवणाऱ्याचं निदान बहुधा बरोबर असेल, पण उपाय मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी मूळचा सांगलीचा, आयटीआय फिटर. २००६ पासून इथे टेम्सच्या खोऱ्यात हीटिंगचं काम करतो. आलो तेव्हा गॅसवाल्यांची नोंदणी कॉर्गीकडे असायची, एप्रिल २००९ पासून ती गॅस सेफ रजिस्टरकडे आली. आपल्या लोकांची घरं बरीच बघितली आहेत आणि एक गोष्ट सगळीकडे दिसते: बॉयलरची काळजी सगळे घेतात, त्यातल्या पाण्याची कुणीच घेत नाही. त्यात नवल नाही. आपल्याकडे पाणी तापवायचं म्हणजे बंब नाहीतर गिझर, पाणी तापलं की वापरून संपलं. इथे रेडिएटरचं पाणी वापरायचंच नसतं. तेच ते शंभरेक लिटर पाणी बॉयलरमधून रेडिएटरमध्ये आणि परत, असं वर्षानुवर्षं फिरत राहतं. ते नळाच्या गरम पाण्यात मिसळत नाही, कॉम्बीमध्ये दोन्हींच्या मध्ये धातूच्या पातळ पट्ट्या असतात.

आता या बंद पाण्यात काय घडतं ते बघू. रेडिएटर पोलादी पत्र्याचे, पाइप तांब्याचे, व्हॉल्व्ह पितळी, आणि बॉयलरचा हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) स्टेनलेस स्टीलचा नाहीतर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा. इतके धातू एका पाण्यात बसवले की गंजणं आलंच. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, तो पोलाद खातो आणि संपतो. संपला की गंजण्याचा वेग एकदम मंदावतो. म्हणून जुनं, मुरलेलं पाणी वाईट नसतं. वाईट असतं ते सतत येणारं नवं पाणी आणि त्याबरोबर येणारी हवा.

ऑक्सिजन तुटपुंजा असताना जो गंज होतो तो काळा असतो, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. काजळासारखा बारीक, चुंबकाला चिकटणारा, आणि बोटांना लागला की दोन दिवस निघत नाही. ऑक्सिजन मुबलक असेल तर नेहमीचा तांबडा गंज. एवढं लक्षात ठेवलंत तर कपभर पाण्याच्या रंगावरून निम्मं निदान होतं: काळं पाणी म्हणजे जुनं दुखणं, लालसर पाणी म्हणजे आज, या क्षणी कुठूनतरी हवा आत येतेय.

इन्हिबिटर म्हणजे धातूवर अतिशय पातळ संरक्षक थर धरून ठेवणारं रसायन. सेंटिनेल, फर्नॉक्स, ॲडी ही इथली नेहमीची नावं. साधारण १०० लिटर पाण्याला एक बाटली हा ढोबळ हिशोब, नेमका आकडा बाटलीवर असतो. ते एंजिन ऑइलसारखं रोज थोडं जळत नाही. घट्ट बंद यंत्रणेत वर्षानुवर्षं टिकतं. कमी होतं ते मुख्यतः पातळ होऊन.

तुमचाच हिशोब करू. कॉम्बीच्या प्रेशरची सुई अर्ध्या-पाऊण बारवरून (बार हे दाबाचं माप) दीड बारवर आणायला दोनेक लिटर पाणी आत जातं. वर्षाला २६ वेळा म्हणजे ५२ लिटर. १०० लिटरच्या यंत्रणेतून दर खेपेला २ लिटर औषधी पाणी गेलं आणि २ लिटर कोरं पाणी आलं, तर वर्षअखेर मूळ इन्हिबिटरचं ६० टक्केही उरत नाही. दोन वर्षांनी ३५ टक्के. म्हणजे सर्व्हिसवाल्याची पट्टी खोटं बोलली नाही. पण उद्या ६५० पाउंड देऊन सगळं धुतलंत, नवी बाटली ओतलीत आणि गळती तशीच ठेवलीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच कागद हातात येणार.

शिवाय आपला भाग चुनखडीचा. रेडिंगच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमहून जास्त क्षार असतात. ५२ लिटर म्हणजे वर्षाला १३ ग्रॅम. सगळे बसत नाहीत, पण जे बसतात ते बॉयलरच्या सगळ्यात गरम जागी. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गिझरची कॉइल काढून बघितली असेल तर वेगळं सांगायला नको. बॉयलर किटलीसारखा सूं-सूं करायला लागतो तो यामुळे, नाहीतर गाळामुळे. मँचेस्टरकडे किंवा स्कॉटलंडमध्ये पाणी मऊ, तिथे ही बाजू हलकी.

तर आधी गळती. यासाठी पैसे लागत नाहीत.

बॉयलर गार असताना सुई कुठे आहे ते लिहून ठेवा, मग हीटिंग तासभर चालवून पुन्हा बघा. गार असताना १ ते १.५ बार आणि तापल्यावर त्याहून अर्धा-पाऊण बार जास्त, हे ठीक. तापल्यावर सुई तीनकडे धावत असेल आणि गार झाल्यावर शून्याकडे बसत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगण्याला जागा देणारा हा डबा. त्यात जागा उरली नाही की ३ बारवर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून जातं. तुम्हाला घरात कुठेच ओल दिसत नाही आणि प्रेशर मात्र पडत राहतं. घराबाहेर जाऊन ती नळी शोधा, जमिनीकडे किंवा भिंतीकडे वळवलेली असते. तिच्या तोंडाला फ्रीजरची साधी पिशवी रबरबँडने सैलसर बांधा, फक्त थेंब धरण्यापुरती. सकाळी पिशवीत पाणी असेल तर चोर सापडला. व्हेसलमध्ये हवा भरणं हे सायकलच्या पंपाचं काम आहे, पण कॉम्बीमध्ये ती झडप बॉयलरच्या आवरणाआड असते, त्यामुळे ते गॅस सेफ माणसाकडूनच करून घ्या. आणि त्याला सांगा की सेफ्टी व्हॉल्व्हही बदल. एकदा उघडून त्याच्या बैठकीवर कचरा बसला की तो पुन्हा घट्ट बसत नाही. नुसती हवा भरून गेलेल्यांच्या मागून मी कित्येक घरी गेलो आहे.

पिशवी कोरडी निघाली तर रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी टॉर्च घेऊन बसा. गरम पाइपवर थेंब सुकून जातो, पण मागे हिरवट-पांढरी खरपुडी राहते. तीही नसेल तर रात्री झोपताना बॉयलर बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि बॉयलरखालच्या फ्लो (गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा) आणि रिटर्न (ते परत आणणारा) अशा दोन्ही पाइपांवरचे व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी बॉयलरची सुई पडलेली असेल तर दोष बॉयलरच्या आत. सुई जागेवर असेल आणि व्हॉल्व्ह उघडताच खाली आली, तर दोष घरातल्या पाइपात, बहुधा फरशीखाली. हीटिंग सुरू करण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका. एका काकांनी विसरून बॉयलर चालू केला होता, त्यांचा फोन मला सकाळी सहाला आला होता.

उलटा प्रकारही असतो: न भरताच प्रेशर वाढत जातं. तेव्हा एक तर फिलिंग लूपचा, म्हणजे नळाचं पाणी यंत्रणेत भरायच्या जाळीदार नळीचा, व्हॉल्व्ह नीट बंद नाही, नाहीतर बॉयलरमधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरला (मघाच्या त्या पातळ पट्ट्यांना) सूक्ष्म भोक पडलंय. म्हणूनच भरून झालं की ती जाळीदार नळी काढून ठेवायची असते. नियमही तोच आहे, हीटिंगचं पाणी चुकून पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून. गळती बुजवणारं द्रव्य बाटलीत मिळतं. मी वापरत नाही. भोक शोधायचा कंटाळा म्हणून सगळ्या यंत्रणेत चिकट पदार्थ फिरवणं मला पटत नाही.

आता पाण्याची तपासणी. इथे बहुतेकांची चूक पट्टीत होत नाही, नमुना घेण्यात होते.

हीटिंग सगळ्या रेडिएटरांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून तासभर चालवा. पाणी नीट मिसळायला हवं. पाहुण्यांच्या खोलीतला रेडिएटर वर्षभर बंद असेल तर त्यातलं पाणी त्या खोलीपुरतंच खरं. मग बॉयलर बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा, गरम पाण्याची चिळकांडी मनगटावर आली की फोड येतो. खालच्या मजल्यावरचा, नेहमी चालू असणारा रेडिएटर निवडा. ड्रेन कॉक (पाणी काढायची खालची तोटी) असेल तर तिथून, नसेल तर ब्लीड व्हॉल्व्हमधून (हवा काढायचा वरचा छोटा स्क्रू). खाली जुना टॉवेल, आणि तुमचा कार्पेट फिकट असेल तर टॉवेलखाली प्लास्टिकही. पहिला कपभर टाकून द्या, तो त्या कोपऱ्यात साचलेला असतो. त्यानंतरचं पाणी काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या. लोणच्याची चालेल, पण मीठ-तेलाचा अंशही नको. काढलेल्या पाण्याने प्रेशर थोडं पडेल, ते भरून घ्या.

पट्टी बुडवण्याआधी बरणी उजेडात धरा. हलवून अर्धा तास ठेवून द्या. पाणी नितळ किंवा किंचित पिवळसर असेल तर छान. तळाशी काळी साय बसली तर बाहेरून बरणीला चुंबक लावा, फ्रीजवरचा चालेल पण जोरदार असला तर बरं. काळे कण काचेवर चुंबकामागे सरकत येतात. ते पोलाद आहे, तुमच्याच रेडिएटरचं.

मग इन्हिबिटरचं किट. अनेक इन्हिबिटरांमध्ये मॉलिब्डेट नावाचं रसायन असतं आणि किट तेच मोजतं: पाण्यात थेंब किंवा गोळी टाकायची, रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. मात्र एका कंपनीचं किट दुसऱ्या कंपनीच्या रसायनाला नीट ओळखेलच असं नाही. तुमच्या यंत्रणेत एका कंपनीचं औषध आणि सर्व्हिसवाल्याच्या खिशात दुसऱ्या कंपनीची पट्टी असेल, तर 'लो' या शब्दाला काही अर्थ नाही. म्हणून बॉयलरवर किंवा शेजारी चिकटवलेलं लेबल आधी बघा. त्यावर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख असायला हवी. लेबलच नसेल तर मागच्या घरमालकाने काय ओतलं ते कळायला मार्ग नाही, आणि तेव्हा पाणी बदलून नव्याने सुरुवात करणं हेच सरळ पडतं.

टीडीएस मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पण तो इन्हिबिटर मोजत नाही, पाण्यात एकूण किती काही विरघळलंय ते मोजतो. त्याचा खरा उपयोग धुतल्यानंतर. क्लीनर (गाळ सोडवणारं रसायन) टाकून यंत्रणा धुतली की आतलं पाणी आणि नळाचं पाणी यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, फरक १० टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त फरक असेल तर क्लीनर अजून आतच आहे. पॉवरफ्लश करणाऱ्याकडून हे दोन आकडे लिहून मागा. काही जण जरा नाराज होतात. होऊ द्या.

पीएचही (पाणी आम्ल की अल्कली ते) बघा, विशेषतः हीट एक्स्चेंजर ॲल्युमिनियमचा असेल तर. ॲल्युमिनियमला आम्ल सोसत नाही आणि जास्त अल्कलीही सोसत नाही, साधारण ६.५ ते ८.५ ही त्याची सुखाची पट्टी. तुमच्याकडे मिठाचा वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणी हीटिंगमध्ये भरण्याआधी बॉयलरचं मॅन्युअल वाचा. काही बनवणारे ते चालत नाही असं स्पष्ट लिहितात आणि त्यामागे हेच ॲल्युमिनियमचं कारण असतं.

हे काहीच आणायचं नसेल तर खिळ्याची जुनी युक्ती. दोन साधे लोखंडी खिळे घ्या, जस्ताचा मुलामा नसलेले, आणि पॉलिशपेपरने चकचकीत घासा. एक नळाच्या पाण्याच्या बरणीत, एक रेडिएटरच्या पाण्याच्या. नळाच्या पाण्यातला खिळा एक-दोन दिवसांत तांबडा होतो. रेडिएटरच्या पाण्यातला चार-पाच दिवसांनीही लखलखीत राहिला तर औषध अजून काम करतंय. त्याच्यावर ठिपके-ठिपके गंज आला तर आहे पण अपुरं आहे. दोन्ही सारखे गंजले तर बरणीत नुसतं पाणी आहे. यातून आकडा मिळत नाही, पण ही चाचणी कुठल्याच कंपनीची नाही आणि डोळ्यांना दिसते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा बरण्या कायम असतात. बायकोने त्यांच्यावर कागद चिकटवलाय: 'चहाचं पाणी नाही'.

खात्रीचा निकाल हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांकडे बाटली आणि पाकिटासकट किट मिळतात, अहवालात लोह, तांबं, ॲल्युमिनियम, क्षार, इन्हिबिटर सगळे आकडे येतात. तांबं किंवा ॲल्युमिनियम वाढलेलं दिसलं तर कोणता भाग झिजतोय हेही कळतं. या कामाचं इथलं ब्रिटिश मानक बीएस ७५९३, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत म्हटलंय की यंत्रणेत कायमचा फिल्टर असावा, इन्हिबिटर दरवर्षी तपासावं आणि ५ वर्षांनी एक तर नव्याने टाकावं किंवा प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणी करून घ्यावी. न केल्यास कुणी दंड करायला येत नाही. पण बॉयलरची वॉरंटी मागायची वेळ आली की बनवणारा पाण्याबद्दल विचारतो, आणि तेव्हा सर्व्हिसच्या कागदावर नुसती बरोबरची खूण नाही, आकडा असलेला बरा.

फिल्टरवरून आठवलं, बॉयलरखाली रिटर्न पाइपवर काळा, मुठीएवढा जाड डबा आहे का बघा. तो मॅग्नेटिक फिल्टर. आहे पण ६ वर्षांत उघडलेलाच नाही, असं मी दर आठवड्याला बघतो. तो स्वच्छ करायला बॉयलरचं आवरण उघडावं लागत नाही, त्यामुळे हाताला सवय असलेला माणूस स्वतः करू शकतो. बॉयलर बंद, पाणी गार. डब्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. खाली बादली. वरचा छोटा स्क्रू सैल करून आतला दाब सोडा, मग झाकण फिरवा. चुंबकाची कांडी बाहेर काढलीत की तिच्यावर काळं केसाळ काहीतरी चिकटलेलं दिसेल, ओल्या काजळाचा बोळा म्हणा हवं तर. बऱ्याच फिल्टरमध्ये चुंबक एका बाहीत असतो, तो बाहीतून ओढला की गाळ आपोआप गळून पडतो. हातमोजे घाला. धुवा, झाकणाची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, झाकण लावा, व्हॉल्व्ह उघडा, वरच्या स्क्रूने हवा काढा, प्रेशर भरा. त्यानंतर दहा मिनिटं तिथेच थांबा आणि झाकणाखाली कोरडा टिश्यू धरून बघा. गाळ किती निघाला ते दरवर्षी मोबाइलने टिपून ठेवा. पहिल्या वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी चमचाभर, हे चांगलं लक्षण. दरवर्षी तेवढाच निघत असेल तर गंजणं चालूच आहे. काळं पाणी संडासात ओता, अंगणातल्या पावसाच्या गटारात नको, ते बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्याला जातं.

आता तुमचा हॉलमधला रेडिएटर. वर गरम आणि खाली मध्यभागी गार, हा गाळ. वरून गार असता तर हवा किंवा वायू. यात एक मजेची गोष्ट, म्हणजे मजेची आणि धोक्याची: वर साचतो तो वायू दरवेळी हवा नसतो. लोखंड आणि पाणी यांच्यातून काळा गंज होताना हायड्रोजन सुटतो. रेडिएटर सारखा ब्लीड करावा लागत असेल आणि पाण्याची गळती कुठेच नसेल, तर आत गंजणं चालू आहे असं धरून पाणी तपासा. जुने लोक ब्लीड व्हॉल्व्हपुढे काडी धरून ज्योत निळी होते का ते बघायचे. तुम्ही ते करू नका.

एकच रेडिएटर तुंबला असेल तर पूर्ण घराचा पॉवरफ्लश मला अवाजवी वाटतो. तो एक रेडिएटर भिंतीवरून उतरवून बागेत नेऊन होजपाइपने धुता येतो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, लॉकशील्ड (दोनातला टोपीखालचा, प्रवाह ठरवून ठेवलेला व्हॉल्व्ह) किती फेऱ्यांत बंद झाला ते कागदावर लिहायचं म्हणजे उघडताना तितकाच उघडता येतो. पाणी बादलीत काढायचं, दोघांनी मिळून उचलायचा आणि बाहेर जाईपर्यंत उघडी तोंडं वर ठेवायची. घरातून नेताना शेवटचा पेलाभर काळं पाणी जिन्याच्या कार्पेटवर सांडतंच, माझ्याकडूनही सांडलंय. बागेत एका तोंडातून जोरात पाणी सोडून रबरी हातोडीने हलकं ठोकायचं. आधी शाई, मग चहा, मग नितळ. तासाभराचं काम, आणि निघालेलं पाणी डोळ्यांनी बघितलं की पुढचा निर्णय सोपा होतो. स्वतः करायचं नसेल तर स्थानिक प्लंबर तेवढ्याच कामाचे पैसे घेईल.

पॉवरफ्लश मी कधी सांगतो? तीन-चार रेडिएटर खालून गार असतील, बॉयलर आवाज करत असेल, नळाचं गरम पाणी मध्येच कोमट होत असेल, किंवा जुन्या पाइपांवर नवा बॉयलर बसवायचा असेल तेव्हा. आणि तोही गळती काढल्यानंतर. घर १९७०-८० च्या काळात बारीक, ८ किंवा १० मिलिमीटरच्या पाइपांचं केलेलं असेल तर आधी विचारून घ्या, काही पाइप इतके भरलेले असतात की यंत्रालाही दाद देत नाहीत. पाइप कुठे भरलाय ते शोधायची माझी आवडती पद्धत म्हणजे पुन्हा चुंबक. तांब्याला चुंबक चिकटत नाही. पाइपवरून फिरवताना एखाद्या जागी तो चिकटला, तर तिथे आत मॅग्नेटाइट बसलंय.

ज्यांच्या माळ्यावर अजून छोटी टाकी असते, म्हणजे जुनी उघडी यंत्रणा, त्यांच्याकडे प्रेशरची सुईच नसते, म्हणून गळती वर्षानुवर्षं लपते. टाकी गुपचूप पाणी भरत राहते. तिथे टाकीतलं पाणी बघा. लाल असेल, किंवा हीटिंग चालू असताना वरच्या वाकड्या नळीतून टाकीत गरम पाणी पडत असेल, तर पंप पाण्याबरोबर हवा घुसळतोय. तिथे कितीही बाटल्या ओता, उपयोग नाही. जुन्या प्लास्टिक पाइपांचंही तसंच, ऑक्सिजन रोखणारा थर नसलेले पाइप भिंतीतूनच हवा आत घेतात.

हीट पंप बसवलेल्यांसाठी एवढंच: तिथे पाणी बरंच कमी गरम, त्यामुळे जंतूंची वाढ होऊ शकते. इन्हिबिटरसोबत बायोसाइडही (जंतुनाशक) लागतं, आणि ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घातलं असेल तर त्याचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या मापकाने दरवर्षी बघावं लागतं, फार पातळ झालेलं ग्लायकॉल जंतूंचं खाद्य होतं. आणि जर्मनीतल्या मंडळींनी हे उत्तर वाचून बाटली विकत आणू नये. तिथली रीत वेगळी, व्हीडीआय २०३५ या तिथल्या तांत्रिक मार्गदर्शिकेप्रमाणे क्षार काढलेलं पाणीच भरतात आणि रसायनाशिवाय भागवतात. माझ्या मते रीत तिकडचीच चांगली, पण इथल्या जुन्या, अर्ध्या गंजलेल्या पाइपांना ती एकदम लावता येत नाही.

राहिलं बाटली ओतणं. तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: गळती बंद, हॉलचा रेडिएटर धुतलेला, फिल्टर साफ, आणि दोन आठवडे सुई जागची हललेली नाही. मगच इन्हिबिटर. फिल्टरच्या डब्यातून ओतता येतं, बाथरूमच्या टॉवेल रेलचा वरचा प्लग काढून ओतता येतं, किंवा फिलिंग लूपच्या जोडणीवर लावायचे दाबाचे डबे मिळतात, ते नवख्याला सोपे. आत गेल्यावर सगळे रेडिएटर उघडून हीटिंग चालवा आणि मगच तपासा, दहा मिनिटांत घेतलेला नमुना काहीही दाखवेल. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही, कमी पडलेलं मात्र वाईट. लेबलवर तारीख, नाव आणि किती मिलिलिटर ते कायम टिकणाऱ्या पेनने लिहा. आणि बॉयलरचं सीलबंद आवरण कुठल्याही कारणाने स्वतः उघडू नका.

आज रात्री पिशवी बांधा. सकाळी त्यात काय आहे आणि गार-गरम असताना सुई किती होती, हे तीन तपशील इथेच खाली लिहा, म्हणजे सर्व्हिसवाल्याला परत बोलावताना नेमकं काय करायला सांगायचं ते लिहून देतो.